वेगवान गाडीचे ब्रेक पॅड : निवड आणि जोडणी

(कट्टा, तालुका मालवण येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. ज्या गावात शेतीची, शाळेची आणि रस्त्याची गाऱ्हाणी ऐकायला वेळ पुरत नाही, तेथे वेगवान मोटारीच्या ब्रेकवर तासभर बोलणारा मनुष्य कशासाठी बोलावला, असाही प्रश्न एखाद्याने शेजाऱ्याला विचारला असेल. प्रश्न रास्त आहे. मोटार दुरुस्तीचा व्यवसाय शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही दोन-तीन वर्षांपूर्वी हाच विषय मला कोणी सुचविला असता, तर तो शहरी हौशी मंडळींसाठी आहे असे सांगून मी टाळला असता. पुढे माझ्याच घरात असा एक प्रसंग घडला की, माझे मत बदलले. तो प्रसंग प्रथम सांगतो.

माझा पुतण्या पुण्यास नोकरी करतो. त्याने एक जुनी ‘अबार्थ पुंटो’ घेतली. ही गाडी आपल्या महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होत असे. २०१५ साली ती बाजारात आली. दिसायला साधी घरगुती फियाट. परंतु आत टर्बो जोडलेले १.४ लिटरचे, १४५ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. फियाट हे नाव आपल्या लोकांना परके नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी यांनी मुंबईच्या कित्येक चाकरमान्यांना स्टेशनापासून घरापर्यंत पोहोचविले आहे. मात्र त्या पद्मिनीची शक्ती चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीच्या घरात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे १४५ हा आकडा काय सांगतो ते कळेल. २०१९ च्या सुमारास फियाट नावाच्या गाड्यांची भारतातील विक्री थांबली. गाड्या रस्त्यावर राहिल्या, सुटे भाग मात्र शोधून मिळवावे लागू लागले. खरी अडचण तेथून सुरू होते.

पुतण्याच्या गाडीचे पुढचे पॅड झिजले. मूळ पॅड लवकर मिळेनात. एका विक्रेत्याने त्याला शर्यतीच्या गाड्यांत घालतात त्या जातीचे पॅड दिले. ‘याहून उत्तम काही नाही’ असे सांगितले, आणि एका अर्थाने ते खोटेही नव्हते. गणेशचतुर्थीसाठी तो रात्री फोंडाघाट उतरून आला. घाटात ब्रेक इतके सुरेख लागले की, घरी आल्यावर तो तेच कौतुक सांगत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडत होता. गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. सामान आणण्यासाठी तो घरापासून निघाला आणि तीन-चार मिनिटांत कट्टा बाजाराच्या अलीकडच्या वळणावर पोहोचला. तेथे दोन मुले छत्र्या सांभाळीत रस्ता ओलांडीत होती. त्याने ब्रेक दाबला. पावलाखाली पेडल घट्ट होते, परंतु गाडीचा वेग म्हणावा तसा कमी होईना. त्याने गाडी डावीकडे घातली आणि ती चिऱ्याच्या गडग्यावर आदळून थांबली. मुले बचावली. एक छत्री तेवढी रस्त्यावर पडली होती. मी पोहोचलो तेव्हा पुतण्या गडग्यावर बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “काकानू, ब्रेक लागूकच नाय.”

ब्रेक नादुरुस्त नव्हते. पॅड नवे होते, तेल पुरेसे होते, कोठे गळती नव्हती. पॅड चुकीच्या कामासाठी निवडलेले होते, एवढाच दोष. मित्रहो, त्या मुलांनी वेगवान गाडीची हौस केलेली नव्हती. कसाल-मालवण रस्त्यावर आज अशा गाड्या सणासुदीला आणि सुट्टीत नित्य येतात. त्यांच्या ब्रेकचा प्रश्न हा मालकाइतकाच रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांचाही आहे, म्हणून मी तो आपल्यापुढे मांडीत आहे.

आता थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. ब्रेक गाडीला थांबवितो असे आपण म्हणतो, पण त्याचे खरे काम गतीचे उष्णतेत रूपांतर करण्याचे आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. आणि त्या चिमटीत प्रत्यक्ष घासणारे दोन पॅड, अशी ही रचना आहे. वेग दुप्पट झाला की निपटावयाची ऊर्जा चौपट होते. पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी आणि शंभर किलोमीटर वेगाने जाणारी, अशा दोन सारख्या गाड्या थांबविताना दुसरीच्या ब्रेकवर चौपट उष्णता येते. शक्तिशाली इंजिनाची गाडी दोन वळणांच्या मधल्या लहानशा सरळ रस्त्यावरही मोठा वेग घेते, म्हणून तिच्या ब्रेकला विसावा कमी मिळतो. बाकी तिचे ब्रेक निराळ्या तत्त्वावर चालत नाहीत.

घाटाचा हिशेब आणखी बोलका आहे. माणसे व सामान धरून दीड टन वजनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, आणि इंजिनाने काहीच भार उचलला नाही असे मानले, तर ब्रेकमध्ये जितकी उष्णता जमा होईल तितक्या उष्णतेवर विहिरीतून काढलेले वीस लिटरहून अधिक पाणी उकळेल. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ताशी शंभर किलोमीटर वेगावरून सुमारे तेरा वेळा गाडी थांबविण्याइतके ते काम आहे. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा असे घाट ज्या जिल्ह्याच्या उशाशी आहेत, त्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर घालावे. पुस्तकातल्या उतरत्या पाटावरील ठोकळ्यापेक्षा मुलांना ते अधिक जवळचे वाटेल. हे सारे विषयांतर नाही. पॅडची निवड या उष्णतेवरच अवलंबून आहे.

पॅडचा घासणारा थर अनेक द्रव्यांच्या मिश्रणाचा असतो : तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, राळ आणि इतर भर. पूर्वीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. मिश्रण बदलले की त्याची पकड कोणत्या तापमानाला उत्तम, हेही बदलते. घरगुती गाडीचे सेंद्रिय जातीचे पॅड थंड असतानाच चांगले धरतात, आवाज करीत नाहीत, डिस्कही फारशी खात नाहीत. पण फार तापले की त्यांची पकड सुटू लागते. अर्धधातू जातीचे पॅड अधिक उष्णता सोसतात. मात्र डिस्क काहीशी लवकर झिजवितात आणि क्वचित किरकिरतात. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड स्वच्छ व शांत असतात, पण सगळेच शर्यतीची उष्णता सोसतात हा समज बरोबर नाही. शर्यतीचे पॅड शेकडो अंश तापमानाला आपले खरे रूप दाखवितात आणि थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडहूनही कमी असू शकते. फोंडाघाटात ते तापलेले होते, म्हणून सुरेख लागले. सकाळी थंड पॅड, रात्रभर गंजलेली डिस्क आणि वर पाणी, असे तिन्ही एकत्र आले.

मग वेगवान गाडीच्या मालकाने काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी रस्त्यावर चालते, त्याने मूळ कारखान्याच्या मिश्रणाचे पॅड घ्यावेत. आणि घाटात किंवा महामार्गावर सातत्याने जोरात चालविणाऱ्याने, पहिल्या दाबापासूनच धरणारे पण अधिक उष्णता सोसणारे, म्हणजे रस्त्यासाठीच बनविलेले वरच्या दर्जाचे पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड शर्यतीच्या मैदानावर जाऊन बदलावे आणि परतताना उतरवावे. हे ज्याला जमणार नाही, त्याने ते घेऊच नयेत. काही तरुणांना हे म्हातारपणाचे बोल वाटतील. वाटोत.

खरेदी करताना पॅडच्या पाठीवरील लोखंडी पट्टी उलटून वाचण्याची सवय लावून घ्यावी. तेथे बरेच काही लिहिलेले असते. पाच आकडी डब्ल्यूव्हीए क्रमांक पॅडचा आकार सांगतो; जुन्या पॅडवर तो असेल तर ताडून पाहावा. अनेक पॅडवर दोन इंग्रजी अक्षरे जवळजवळ छापलेली आढळतात, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ असे दिसले, तर तापल्यावर पकड घटते हे समजावे. घाटासाठी ते योग्य नव्हे. मात्र ही अक्षरे लहानशा नमुन्याच्या चाचणीतून येतात, पूर्ण गाडीच्या चाचणीतून नव्हे. युरोपातील ‘आर-९०’ या नियमानुसार तपासलेल्या पॅडवर वर्तुळातील ‘ई’ ही खूण आणि ‘९०आर’ असा उल्लेख असतो. त्या नियमात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावी अशी अट आहे. गंमत अशी की, ही अट ‘फार कमी’ इतकीच ‘फार जास्त’ पकडीलाही लागू आहे.

ती का, हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि लहान गाडीत ब्रेकचे सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढच्या चाकांना करावे लागते. कारखान्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल याच हिशेबाने बसविलेला असतो. एखाद्याने हौसेने फक्त मागे फार पकडीचे पॅड बसविले, तर मागची चाके आधी अडकू पाहतील आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी पुढे येईल. म्हणून पॅड बदलताना एका आसावरील दोन्ही चाकांचे एकदम आणि एकाच जातीचे बदलावेत. आणि अधिक पकडीची जात घ्यायची असेल, तर पुढे-मागे तोल साधूनच घ्यावी. बिलाशिवाय, उघड्या पुडक्यातून किंवा निम्म्या किमतीत मिळणारा माल घेऊ नये. बनावट पॅडमध्ये थर पट्टीपासून सुटण्याचे भय असते आणि ते दुकानात नव्हे, उतारावर कळते.

पॅड कितीही उत्तम असला तरी ब्रेकचे तेल जुने असेल, तर पैसा फुकट जातो. हे तेल हवेतील पाणी शोषते, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा म्हणजे निम्मे पाणीच. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंशांना उकळते. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ‘डॉट ३’ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. पॅडची पकड सुटते तेव्हा पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नाही. तेल उकळते तेव्हा पेडलच बसते. हा भेद चालकाला ठाऊक असला पाहिजे. दर दोन वर्षांनी तेल बदलावे. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे निराळे तेल आहे. ते इतर तेलांत मिसळू नये. नावाच्या साम्यावरून ‘डॉट ५.१’ शी त्याचा घोटाळा होतो.

आता जोडणी. जमिनीला समांतर जागेवर गाडी उभी करून, दुसऱ्या आसाच्या चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावून, चाकाचे बोल्ट किंचित सैल करावेत आणि मग जॅक लावावा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये. खाली मजबूत स्टँड हवा. चिऱ्याची थप्पी स्टँड म्हणून वापरलेली मी या भागात पाहिली आहे. चिरा भाराने केव्हा फुटेल, हे गवंडीही सांगू शकत नाही.

चाक काढल्यावर धूळ फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने पुसावी. त्यानंतर जुने पॅड नीट पाहावेत. आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत एक गोष्ट मला वारंवार दिसते : आतला पॅड पार झिजलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात, कॅलिपर एका बाजूस अडकतो आणि सारा भार एका पॅडवर येतो. जे चाकरमानी गाडी गावी ठेवून चार-चार महिने मुंबईस जातात, त्यांच्या गाडीत तर पॅड डिस्कला गंजाने चिकटलेलेच सापडतात. त्यावर नवे पॅड बसविणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले घालणे. पिना बाहेर काढून स्वच्छ कराव्यात, खड्डे पडले असतील तर बदलाव्यात, रबराच्या टोप्या फाटल्या असतील तर त्याही बदलाव्यात. पिनांना सिलिकॉनचे ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तेथील गंज तारेच्या ब्रशाने काढावा. जांभ्याची तांबडी धूळ तेथे गंजाशी मिळून अशी घट्ट बसते की, नवा पॅड हातोडीने ठोकावा लागतो. ठोकावा लागला, तर काम चुकले आहे. पॅड बोटांनी सरकला पाहिजे.

डिस्कची जाडी मोजावी. किमान किती हवी, हे बहुधा तिच्यावरच कोरलेले असते. कड उंच झाली असेल, खोल चरे किंवा भेगा असतील, तर डिस्कही बदलावी.

नवा पॅड जाड असल्याने पिस्टन आत ढकलावा लागतो. त्या वेळी वरच्या भांड्यातील तेल वर चढते. ते सांडू देऊ नये, कारण ते गाडीचा रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे. ज्या गाड्यांत मागच्या कॅलिपरलाच हातब्रेकची तार जोडलेली असते, त्यांतील बहुतेक पिस्टन नुसते ढकलून जात नाहीत, फिरवीत आत न्यावे लागतात. जोर केल्यास आतली यंत्रणा मोडते. विजेवर चालणारा हातब्रेक असेल, तर यंत्र जोडून तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो. कॅलिपर सोडविल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. झीज दाखविणारी पट्टी असलेला पॅड कोणत्या बाजूस, फिरण्याच्या दिशेचा बाण कोणीकडे, हे काढतानाच लिहून ठेवावे. घासणाऱ्या पृष्ठभागाला तेलाचे बोटही लागू नये. कॅलिपरचे आणि चाकाचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

येथे माझा एक अपराध सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एका गाडीचे पॅड बदलले. काम नेटके झाले होते आणि त्या समाधानात मी इंजिन सुरू करून गाडी मागे घेतली. उतार होता. ब्रेक दाबला, तर पेडल तळाला गेले. पिस्टन आत ढकललेले होते आणि पेडल चार-पाच वेळा दाबून ते पुन्हा पॅडला टेकविण्यास मी विसरलो होतो. घाबरून मी पाय मारीत राहिलो. तिसऱ्या दाबाला गाडी थांबली, तेव्हा मागे विहिरीचा कठडा हातभर अंतरावर होता. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक नियम घातला : पेडल घट्ट झाल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. ते मला हसत असत. मी कारण कधी सांगितले नाही; आज प्रथमच सांगत आहे.

शेवटचा भाग पॅड रुळविण्याचा. नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसल्याखेरीज त्याची पूर्ण पकड येत नाही. पॅडच्या उत्पादकाची सूचना असेल, तर तीच पाळावी. नसेल तर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, दोन खेपांमध्ये गाडी थोडी चालू द्यावी, आणि पूर्ण थांबू नये. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तेथे थर जाड बसतो आणि पुढे पेडल थरथरते. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून सारे थंड होऊ द्यावे. त्यापुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावे. नवे पॅड घालून त्याच दिवशी घाट उतरू नये, हे विशेषतः लग्नाच्या आणि गणपतीच्या गाड्यांना सांगावे लागते. आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारा निर्वाताचा आधार दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते.

पंचायत सदस्यांसाठी एक शब्द. मोटार वाहनांच्या ब्रेकसंबंधीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहे. पंचायत किंवा शाळा एखादी गाडी भाड्याने ठरविते, तेव्हा कागदपत्रांबरोबर पॅड आणि ब्रेकचे तेल शेवटचे केव्हा बदलले, त्याचे बिलही मागावे. गाडी वेगवान असो वा मुलांना नेणारी व्हॅन असो, ही विचारणा करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

पुतण्याच्या गाडीला आम्ही शेवटी मूळ आकाराचे, वर्तुळातील ‘ई’ची खूण असलेले रस्त्याचे पॅड मिळविले. त्यासाठी तीन आठवडे लागले. तोवर गाडी माझ्या अंगणात उभी राहिली आणि तो एस.टी.ने पुण्यास गेला. उतरविलेले शर्यतीचे पॅड आणि आतून गंजलेली एक पिन मी येथे टेबलावर ठेवली आहे. गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. पुढचे डावे चाक काढून सारी जोडणी पुन्हा दाखविणार आहे. ज्यांना हात काळे करण्यास हरकत नसेल, त्यांनी माझ्याबरोबर यावे.